हिरव्या दिव्यावरची टेप

प्रिय खारूताई,

शेजारच्या इमारतीतल्या त्या बाईंना माझा निरोप दे, की सर्ज प्रोटेक्टर घेताना घाई करू नका. या बाई मला तुझ्या आईकडून कळल्या. मंगळवारी तिने चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला आणि म्हणाली, शेजारच्या इमारतीत एक बाई आहेत, घरून काम करतात, त्यांना कॉम्प्युटरसाठी कुठला प्रोटेक्टर घ्यावा ते विचारायचंय. मी म्हटलं, कोण बाई? तर म्हणाली, तुम्ही नाही ओळखत. या गल्लीतल्या प्रत्येक घराचा फ्यूज मी कधी ना कधी बांधलाय, माझं खरं नाव निम्म्या लोकांना माहीत नाही, सगळे फ्यूजकाकाच म्हणतात, आणि मी ओळखत नाही अशी बाई शेजारच्या इमारतीत? तुझ्या आईला खोटं बोलणं कधी जमलंच नाही. कागदावर अक्षर तिचं होतं, पण त्यावरच्या सामानाच्या यादीत ‘इंटरनेटचा डबा’ असं लिहिलेलं होतं. राउटरला डबा म्हणणारी मला जगात एकच मुलगी माहीत आहे. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, बघून सांगतो बाईंना.

तू थेट मला विचारलं नाहीस याचा राग नाही. तुझी फिल्म जळाली त्याला आठ वर्षं झाली, आणि तेव्हापासून आपण फोनवर तब्येत आणि हवा यांच्यापुढे गेलेलो नाही. तू विचारतेस, बाबा, कसे आहात; मी म्हणतो, मजेत; आणि फोन आईकडे देतो. पण विजेचा प्रश्न आला तेव्हा वळसा घालून का होईना, तू माझ्याकडेच आलीस. म्हणजे त्या बाबतीत अजून तुझा माझ्यावर भरवसा आहे. मला बरं वाटायला हवं होतं.

आधी कामाचं सांगतो, कारण कामाचं बोलायला मला सोपं जातं. दुकानात गेलीस की दुकानदार पहिल्यांदा एक्स्टेन्शन बोर्ड काढून पुढे ठेवेल. दिसायला अगदी तसाच, सहा भोकं, एक बटण, वर चकचकीत कागद. तो घ्यायचा नाही. त्याच्या आत तारेशिवाय काही नसतं. खऱ्या प्रोटेक्टरच्या खोक्यावर जूलचा आकडा छापलेला असतो. तुझ्या यादीतल्या सामानाला दोन हजारांच्या खाली बघूच नकोस. आकडा छापलेला नसेल तर दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी पुढचं दुकान गाठायचं. आणि तो आकडा म्हणजे त्या वस्तूचं आयुष्य असतं. आत गोळीएवढी एक निळी चकती असते. लाइनवर झटका आला की ती तो स्वतःवर घेते आणि प्रत्येक झटक्याला थोडी थोडी मरते. किती उरली, ते बाहेरून कुणालाही कळत नाही.

दुसरं, अर्थिंग. नव्या घराच्या भिंतीत थ्री-पिनचं वरचं मोठं भोक आहे म्हणून त्याच्यामागे तार आहेच असं समजू नकोस. मी आयुष्यात शेकडो अशी भोकं उघडली, त्यातली कितीतरी नुसती शोभेची होती. कुणी चांगला वायरमन बोलावून तपासून घे. जावईबापूंना करू देऊ नकोस. ते फार सज्जन आहेत, पण मागच्या वेळी त्यांनी टेस्टर उलटा धरला होता. आणि तुझ्या त्या इंटरनेटच्या डब्यात येणारी तार तांब्याची असेल तर तीही प्रोटेक्टरमधूनच आत घे. लोक पुढचा दरवाजा लावून घेतात आणि मागचा उघडा टाकतात. तार काचेच्या तंतूची असेल तर मात्र त्या वाटेने काही येत नाही.

तिसरं, प्रतीची डिस्क. आपल्या घरातला नियम तुला आठवत असेल. भिंतीत थेट काहीही लावायचं नाही, कॉम्प्युटरचं जे काही असेल ते बाबांच्या प्रोटेक्टरमध्ये. दिवाणखान्यातल्या टेबलामागे मी तो स्क्रूने ठोकून बसवला होता आणि आल्यागेल्याला दाखवत होतो. तू एकदा तुझ्या कामाची प्रत ठेवायची ती छोटी डिस्क स्वयंपाकघरात लावलीस, तर मी ती उचलून आणली होती आणि तुला अर्धा तास शहाणपण शिकवलं होतं. तो नियम मोड. प्रत ठेवायची डिस्क कशालाच लावून ठेवू नकोस. काम झालं की काढ आणि कपड्यांच्या कपाटात टाक. कपाटात झटका येत नाही.

तुझी ती बकरी मला अजून दिसते. चुकीच्या बसमध्ये चढणारी बकरी. चार मिनिटांची फिल्म आणि तिच्यासाठी चार हजारांवर चित्रं, तीन वर्षं, आणि पेन्सिलींची टोकं तू अशी कुरतडलेली की घरात खार पाळली आहे असं वाटावं. बसच्या कंडक्टरची चाल तुला जमत नव्हती म्हणून तू मला कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लावल्यास. गळ्यात आईची पर्स अडकवून मी वीस-पंचवीस फेऱ्या मारल्या असतील. दुसऱ्या मजल्यावरच्या हेडबाई जिन्यावरून येत होत्या, त्यांनी विचारलं, फ्यूजकाका, पर्स कुणाची? तू जमिनीवर बसून काढत होतीस आणि हसत होतीस. नंतर तू मला ती पंधरा सेकंदं दाखवलीस. डावा पाय जरा ओढत चालणारा माणूस, खांदा कललेला. मला तोवर माहीत नव्हतं की मी असा चालतो. मी तुला त्या वेळी काहीच म्हटलं नाही, पण कारखान्यात जाऊन सगळ्या शिफ्टला सांगितलं की माझ्या मुलीने मला फिल्ममध्ये घेतलंय.

आता टेपचं. टेप कुठली, असं तू विचारशील, कारण तुला ती माहीतच नाही. प्रोटेक्टरवर एक हिरवा दिवा असतो. तो लागलेला असेल तर चकती जिवंत आहे. तो विझला तर चकती मेली. पण भोकांमधून वीज येतच राहते, सगळं नेहमीसारखं चालू राहतं, कुणाला काही कळत नाही. त्या एका दिव्यासाठीच तर तो प्रोटेक्टर घ्यायचा. फिल्मच्या तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, तुझ्या आईचं अर्धं डोकं फार दुखायचं. दुपारी ती दिवाणखान्यात पडदे ओढून पडायची आणि त्या अंधारात तेवढा एक हिरवा ठिपका टेबलामागून भिंतीवर पडायचा. ती म्हणाली, तो डोळ्यात सुईसारखा टोचतो, त्याचं काहीतरी करा. मी खिशातून काळी टेप काढली आणि बोटभर तुकडा दिव्यावर चिकटवला. पहिले काही दिवस मी आठवणीने टेप उचलून बघत होतो. मग बघेनासा झालो. आपलं काम आपणच केलेलं असलं की माणूस ते तपासत नाही, आणि मी तर आयुष्यभर दुसऱ्यांना तपासायला सांगत आलो.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ठाऊक नाही. चित्रपट काढायला शिकवणाऱ्या त्या शाळेचं पत्र आलं होतं, प्रवेशाच्या शेवटच्या बारा जणांत तू होतीस, फिल्म पूर्ण करून पाठवायला नऊ दिवस उरले होते. त्या दुपारी तू फॉर्मला लावायचे फोटो आणायला बाहेर गेलीस. कॉम्प्युटर चालू होता, चित्रं जोडायचं काम तो आपला आपण करत होता. तू परत आलीस तेव्हा पाऊस कोसळत होता, ढग गडगडत होते आणि पडदा काळा होता. मी कामावरून आलो तोवर तू चौथ्यांदा बटण दाबत होतीस. कॉम्प्युटर गेला, आणि माझ्या नियमामुळे प्रतीची डिस्कही त्याच प्रोटेक्टरमध्ये होती, तीही गेली. कागदावर उरले ते नुसते कच्चे आराखडे, पक्की चित्रं सगळी आतच होती. दुरुस्तीवाल्यांनी दोन महिने ठेवून घेऊन परत दिली, चिपाच जळल्यात म्हणाले. पण ते नंतर. त्या संध्याकाळी तू माझ्याकडे बघितलंस आणि मी काय म्हणालो ते तुला शब्दन्‌शब्द आठवत असेल. ढग भरून आलेले दिसत होते ना, मग जाताना प्लग काढायला काय झालं होतं? आईसमोर म्हणालो, मामासमोर म्हणालो, विचारायला आलेल्या प्रत्येकासमोर म्हणालो. तू एकदाही उलट बोलली नाहीस. तू मान्य केलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडबाईंनी मला खाली बोलावलं. त्यांचा प्रोटेक्टर मी आपला बसवला त्याच आठवड्यात, एकाच खोक्यातून काढून बसवला होता. त्या म्हणाल्या, काका, तुमचा हिरवा दिवा कालपासून विझलाय, पण कॉम्प्युटर छान चालतोय. मी बघितलं. चकतीने झटका घेतला होता आणि मेली होती, जशी मरायला हवी होती तशी. त्यांच्या नातवांचे सगळे फोटो जागच्या जागी होते. मी नवीन बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यांना वाटलं, केवढा चांगुलपणा. मी वर आलो. घरात कुणी नाही असं बघून मी आपला प्रोटेक्टर भिंतीवरून काढला आणि टेप उचलली. दिवा विझलेला होता. मग उघडला. चकती तडकून काळी झाली होती, आणि त्या काजळीवर धूळ बसलेली होती. एका रात्रीत अशी धूळ बसत नाही. ती कित्येक महिन्यांपूर्वीच मेली होती, माझ्या टेपखाली.

त्याच दिवशी कोपऱ्यावर लाइनमन भेटला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, काल दुपारी आम्ही सप्लाय बंद करून काम करत होतो, पावणेचारला परत दिला तेव्हा जोराचा झटका गेला, दोन-तीन घरांतून तक्रारी आल्यात. पाऊस सुरू झाला सव्वाचारनंतर. खारूताई, हे वाक्य परत वाच. ढग गडगडायला लागले त्याच्या अर्धा तास आधीच तुझी फिल्म गेलेली होती. तू बाहेर पडलीस तेव्हा आभाळ कसं होतं ते मला माहीत नाही, मी तिथे नव्हतोच. दिसत होते ना ढग, हे मी अंदाजाने म्हणालो होतो.

मग तरी मी तुला सांगायला हवं होतं. त्या आठवड्यात सांगितलं असतं तर काहीतरी उरलं असतं. शाळेने तुला कळवलं होतं की परवाना असलेल्या वायरमनने लिहून दिलं, की नुकसानीत अर्जदाराची चूक नव्हती, तर तुझी जागा एक वर्ष राखून ठेवू. तू तो कागद घेऊन माझ्याकडे आलीस. तुला कुठे लांब जायचंच नव्हतं, परवाना तुझ्या बापाच्याच खिशात होता. मी म्हणालो, मी खोटं लिहून देणार नाही, प्लग लावलेलाच होता. आईने माझ्या तत्त्वांचं कौतुक केलं होतं, आठवतं? तू कागदाची घडी घातलीस, हळू, कडा जुळवून, आणि आत गेलीस. खरं लिहायचं तर मला लिहावं लागलं असतं की प्रोटेक्टर मेलेला होता, तो कुणी बसवला होता, आणि त्याच्या दिव्यावर टेप कुणी लावली होती. माझ्या परवान्याच्या नंबरखाली.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तुझ्या आईसाठी गप्प आहे. टेप तिच्या डोकेदुखीपायी लागली, हे आठवलं तर ती खचेल. हे खोटं आहे. मी माझी इभ्रत वाचवली. गल्लीतल्या शंभर घरांचा फ्यूजकाका वाचवला आणि तुला जाऊ दिलं. एवढं मात्र मागतो, तिला डोकेदुखीची आठवण करून देऊ नकोस. बाकी सगळं मी तिला रविवारी सांगणार आहे. तिने माझ्याशी बोलणं टाकलं तरी ते बरोबरच असेल.

दोन वर्षांपूर्वी मी त्या शाळेला लिहिलं होतं, हे कुणाला माहीत नाही. वाचनालयातल्या मुलीकडून टाइप करून घेतलं. चार ओळींचं उत्तर आलं, फार सभ्य होतं. पंचविशीची अट आहे, आणि तू तेव्हाच अठ्ठावीस वर्षांची होतीस. म्हणजे तेही दार बंद. तरीही मंगळवारी आईने तो कागद ठेवला तेव्हा माझ्या मनात वेडी आशा आली. नवा कॉम्प्युटर घेते आहे, म्हणजे पुन्हा काढते आहे की काय. मी यादी वाचली. कॉम्प्युटर, दोन पडदे, प्रिंटर, इंटरनेटचा डबा, फोनचा चार्जर. चित्र काढायची पाटी नव्हती. मी कागद उलटून मागे बघितलं. मग आईला विचारलं, बाईंचं आणखी काही सामान असेल ना? ती म्हणाली, नाही हो, विमा कंपनीचं काम आहे, लोकांच्या नुकसानीचे अर्ज तपासतात, त्याला एवढंच लागतं.

तर प्रोटेक्टर असा घे, की चकती मेली की तो स्वतःच सगळी वीज बंद करतो. असे मिळतात. जरा शोधावे लागतात. त्यात दिव्यावर कुणाचा भरवसा लागत नाही. आणि दिवा कितीही डोळ्यांत आला तरी झाकू नकोस. प्रिंटर लेझरचा असेल तर तो भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटमध्ये लाव.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, किंवा आणखी आठ वर्षं न सांगता गेली असती. गेल्या महिन्यात आई तुझ्याकडे राहून आली, तिने नातीची गंमत सांगितली. आभाळ जरा काळवंडलं की साडेचार वर्षांची पोर खेळ टाकून उठते आणि घरभर फिरून प्लग काढते, फ्रिजचासुद्धा. बटण बंद केलं की नाही, हे दोनदा बघते. बालवाडीत एकदा ढग वाजले तर रडून गोंधळ घातला, मला घरी जायचंय, आईचा प्लग लावलेला आहे. बाईंनी विचारलं, लावलेला असला तर काय होतं? तर म्हणाली, आई लक्ष द्यायला विसरली होती म्हणून तिचं सगळं जळलं. तुझी आई हसत सांगत होती. मी उठून बाल्कनीत गेलो. माझं ते वाक्य तू आठ वर्षं सांभाळलंस आणि आता तुझ्या लेकीच्या तोंडी आहे. वादळात प्लग काढणं चांगलंच, त्याला मी नाही म्हणत नाही, पण तिने ते या कारणाने करू नये. फिल्म परत येणार नाही, शाळा नाही, आणि तुझ्या हातात पुन्हा पेन्सिल येईल असंही मला आता वाटत नाही. तू मला उत्तर लिहावंस अशी अपेक्षा नाही. पाकिटासोबत खोक्यात तो जुना प्रोटेक्टर ठेवला आहे, टेप होती तशी परत लावून. ती तुझ्या हाताने काढ आणि लेकीला विझलेला दिवा दाखव. तिच्यासाठी शेवटच्या कागदावर माझा शिक्का मारून, परवान्याचा नंबर घालून, तुला हवं होतं ते लिहिलं आहे. आता त्याचा कुणालाही उपयोग नाही. तिला वाचून दाखव: मी स्वतः तपासणी केली आहे. प्रोटेक्टर आधीपासून बंद पडलेला होता आणि हे ओळखण्याची जबाबदारी माझी होती. नुकसान पाऊस सुरू होण्यापूर्वी झाले. काम चालू असताना प्लग लावलेला असणे योग्यच होते. अर्जदाराची कोणतीही चूक नव्हती.

तुझाच, पाय ओढत चालणारा,
बाबा